सरळ चेंडू, वाकडी आख्यायिका

मो नॉर्मन (१९२९–२००४) हा कॅनडाचा गोल्फपटू. पूर्ण नाव मरे अर्विन नॉर्मन; जन्म ऑन्टारियो प्रांतातील किचनर येथे १० जुलै १९२९ रोजी झाला. कॅनडाची राष्ट्रीय हौशी स्पर्धा त्याने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. तेथील व्यावसायिकांचे अजिंक्यपद १९६६ आणि १९७४ मध्ये त्याच्याकडे आले, आणि ज्येष्ठ व्यावसायिकांचे १९७९ पासून सलग सात वर्षे. अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यावर, म्हणजे पीजीए टूरवर, मात्र त्याच्या नावावर एकही विजेतेपद नाही. मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए या चार मोठ्या स्पर्धांच्या विजेत्यांतही तो नाही. तरीही त्याच्याइतका सरळ चेंडू मारणारा माणूस झाला नाही असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळे ऐरेगैरे नाहीत. आपल्या स्विंगवर, म्हणजे काठी फिरवण्याच्या पद्धतीवर, पूर्ण मालकी असलेले दोनच खेळाडू होऊन गेले, बेन होगन आणि मो नॉर्मन, अशा आशयाचे उद्गार टायगर वुड्सने काढले आहेत.

नॉर्मनविषयी दोन मते पूर्वीपासून आहेत. एक मत त्याला गोल्फने ओळखलाच नाही असा महान कलाकार मानते. दुसरे म्हणते की तो कॅनडातला एक उत्तम खेळाडू होता. बाकीची भर सांगणाऱ्यांची. ही दोन मते येथे भाविक आणि चिकित्सक यांच्या तोंडी घातली आहेत.

वादाचे मूळ त्याच्या फटक्यात आहे. प्रचलित पद्धतीत खेळाडू चेंडूवर किंचित वाकतो, त्याचे हात खांद्यांखाली सैल असतात, काठी बोटांत धरलेली असते आणि तिचे तोंड चेंडूच्या लगत टेकवलेले असते. नॉर्मन पाय चांगले फाकून, गुडघे जवळजवळ ताठ ठेवून उभा राही. दोन्ही हात पुढे ताणलेले, काठी तळव्यांत धरलेली, आणि लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचे तोंड चेंडूच्या तब्बल फूटभर मागे. हात मागे नेण्याची फेकही आखूड. सरावाचा झोका नाही, रेषा न्याहाळणे नाही. पुढे यायचे, मारायचे, चालू लागायचे. शिकवणाऱ्यांनी नाके मुरडली यात नवल नाही.

या अवघडलेल्या ठेवणीमागे साधी भूमिती होती. प्रचलित पद्धतीत सुरुवातीला काठी आणि पुढचा हात यांच्यात ठळक कोन असतो. काठी वेगाने खाली येताना हात बाहेर खेचले जातात आणि आघाताच्या क्षणी काठी सुरुवातीपेक्षा उभट होते. खेळाडू एका पातळीत सुरुवात करतो आणि चेंडू दुसऱ्याच पातळीत गाठतो. हा फरक शरीराला ऐन वेळी सांभाळून घ्यावा लागतो, आणि एखाद्या दिवशी तो नीट सांभाळला जात नाही. नॉर्मन जवळजवळ आघाताच्या स्थितीतच उभा राहून सुरुवात करी. काठी आणि हात एका रेषेत, जाताना जी पातळी तीच येताना. सावरण्याजोगे काही उरतच नसे. त्याच्या स्विंगला एक-पातळी स्विंग म्हणतात ते यामुळे.

भाविक: ही ठेवण त्याला कुणी शिकवली नव्हती. किचनरच्या रॉकवे या सार्वजनिक मैदानावर, आधी कॅडी (खेळाडूंच्या काठ्या वाहणारा) म्हणून आणि मग एकटाच चेंडू मारत, त्याने ती स्वतः शोधून काढली. हिवाळ्यात बर्फामुळे मैदान बंद झाले की तो बोलिंगच्या गल्लीत पडलेल्या पिना उभ्या करून पोट भरी. वडिलांना गोल्फ श्रीमंतांचा खेळ वाटे. अशा घरातून आलेला मुलगा पुस्तक उघडत नाही, हाताला जे जमते ते धरून बसतो. आणि जमले ते असे की पुढे लोक त्याला 'पाइपलाइन मो' म्हणू लागले.

चिकित्सक: स्वयंभू असणे हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. तुम्ही 'सरळ' म्हणता त्याचे माप काय? काठीच्या तोंडाचा रोख एका अंशाने चुकला आणि चेंडू तसाच गेला, तर अडीचशे यार्डांवर तो सुमारे साडेचार यार्ड बाजूला पडतो. चुकीचा रोख चेंडूला फिरकी देतो आणि तो वळतो, ते वेगळेच. नॉर्मन किती अंशांत मारत होता हे त्याच्या काळात कोणी मोजले? प्रत्येक फटका मोजणारी यंत्रणा पीजीए टूरवर आली ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तेव्हा तो सत्तरीत होता.

भाविक: यंत्र नव्हते, पण डोळे होते. आणि ते डोळे पोटासाठी गोल्फ खेळणाऱ्यांचे होते. पीजीए टूरवर आठ स्पर्धा जिंकणारा कॅनडाचा जॉर्ज नडसन त्याला मानत असे. ली ट्रेव्हिनो मानत असे. विजय सिंग मानतो. अशा माणसांना चेंडूचा नुसता आवाज ऐकून फटका कसा बसला ते कळते.

ही साक्ष जड आहे, आणि चिकित्सकालाही ती एकदम झटकता येत नाही. फक्त ती सराव-मैदानावरच्या फटक्यांची साक्ष आहे. स्पर्धेत मात्र फटक्यांची एकूण बेरीज पाहतात, आणि चिकित्सकाचा खरा मारा इथूनच सुरू होतो.

चिकित्सक: गोल्फमध्ये पार, म्हणजे अपेक्षित फटके, ठरवताना दर होलला हिरवळीवर ढकलायचे दोन फटके, म्हणजे पट, धरतात. पार ७२ च्या मैदानावर म्हणजे ३६ फटके हिरवळीवरचेच. तुमचा नॉर्मन तिथे काय करी? चेंडूपाशी जाई आणि रेषा न बघता ढकलून मोकळा होई. इतरांना जिथे प्राण कंठाशी आलेले असत, तिथे याला घाई. अर्ध्या खेळाकडे ज्याने पाठ फिरवली, त्याला जगातला श्रेष्ठ म्हणायचे?

भाविक: अर्धा खेळ हा हिशोब जुना झाला. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरवरचे लाखो फटके तपासले. आघाडीचे खेळाडू बाकीच्यांपेक्षा जे फटके वाचवतात, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश लांबच्या फटक्यांत वाचतात. पटिंगचा वाटा त्यामानाने फार लहान, पंधरा टक्क्यांच्या आसपास. लांबचा फटका हेच नॉर्मनचे राज्य होते.

चिकित्सक: मग त्याच हिशोबाने त्याने अमेरिका जिंकायला हवी होती. का नाही जिंकली?

भाविक: खेळू कुठे दिले?

या प्रश्नाचे उत्तर १९५६ ते १९५९ या चार वर्षांत शोधावे लागते. कॅनडाचा हौशी विजेता म्हणून नॉर्मनला १९५६ मध्ये ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेचे निमंत्रण मिळाले. एका फेरीनंतर नामवंत व्यावसायिक सॅम स्नीडने त्याला लांब आयर्न या काठ्यांविषयी एक सूचना केली. ती त्याच्या मनावर इतकी बसली की तो लगेच सराव-मैदानावर गेला आणि शेकडो चेंडू मारत राहिला. बहुतेक जण हा आकडा आठशे सांगतात. दुसऱ्या दिवशी अंगठा सुजला होता आणि काठी धरवेना. फेरी अर्ध्यावर सोडून त्याने माघार घेतली. पुढच्या वर्षी तो पुन्हा ऑगस्टाला गेला, पण त्याची छाप पडली नाही.

दरम्यान घरी दुसरेच प्रकरण शिजत होते. त्या काळी हौशी खेळाडूंना पैशाऐवजी वस्तू मिळत. नॉर्मन गरीब होता; मिळालेले दूरदर्शन संच, टोस्टर वगैरे तो विकून टाकी. कधी तर स्पर्धेआधीच गिऱ्हाईक ठरवून ठेवी आणि त्याला हवी असलेली वस्तू ज्या क्रमांकाला ठेवलेली असेल त्या क्रमांकावर येण्याचे बघे, असेही सांगतात. कॅनडाच्या गोल्फ संघटनेला हे हौशीपणाला धरून वाटले नाही. १९५७ मध्ये तो व्यावसायिक झाला.

१९५९ च्या सुरुवातीला तो अमेरिकेच्या दौऱ्यावर खेळू लागला. न्यू ऑर्लिन्सच्या स्पर्धेत तो आघाडीच्या खेळाडूंबरोबर होता. प्रेक्षकांना तो आवडे, कारण तो त्यांच्याशी बोले, एकच वाक्य दोनदा-तीनदा म्हणे, आणि लहर लागली तर शीतपेयाच्या बाटलीवर चेंडू ठेवून मारी. कपडे विजोड, दात वेडेवाकडे. त्याच आठवड्यात काही जणांनी त्याला बाजूला घेऊन सुनावले: हे चाळे बंद कर, नीट कपडे घाल, दात बसवून घे. तो मुकाट्याने कॅनडाला परतला आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर पुन्हा कधी जम बसवायला गेला नाही.

भाविक: पाहिलेत? खेळ नव्हे, पोशाख आडवा आला. आणि हा दौरा तरी कसला? व्यावसायिक संघटनेच्या घटनेत सभासद फक्त गोरे असावेत असे कलम होते. ते निघाले १९६१ मध्ये. कोण आपल्यातला आणि कोण नाही हे ठरवण्याची तिथे सवयच होती. गोरा असूनही नॉर्मन त्या चाळणीतून गेला नाही.

चिकित्सक: चाळणी होती हे मान्य. पण तो तिथे काही वर्षे टिकला असता आणि हरला असता, किंवा टिकला असता आणि जिंकला असता, तर आपल्यासमोर काही पुरावा असता. तो अवघ्या काही स्पर्धांनंतर निघून गेला. त्यामुळे 'दिले असते तर' हे वाक्य कायमचे मोकळे राहिले, आणि आख्यायिकेला हवी तेवढी जागा मिळाली. शिवाय त्याच दौऱ्यावर त्याच्याच देशाचा नडसन गेला, टिकला, आठदा जिंकला.

चिकित्सकाचे म्हणणे तर्काने बिनतोड आहे. फक्त तसे टिकून राहणे नॉर्मनच्या आवाक्यात होते का, हा प्रश्न त्यात निसटतो. पाच वर्षांचा असताना घसरगाडीवरून उतार उतरताना तो एका मोटारीखाली आला होता. डोक्याला मार लागला. घरची परिस्थिती बेताची असल्याने नीट उपचार झाले नाहीत. पुढे आयुष्यभर त्याला अनोळखी माणसांचा धाक होता. नजरेला नजर देणे टाळणे, शब्द पुन्हापुन्हा उच्चारणे, आकडे आणि जुन्या फेऱ्या बारीकसारीक तपशिलांनिशी लक्षात ठेवणे या त्याच्या सवयींमुळे काही जणांनी त्याला स्वमग्नता असावी असा अंदाज बांधला. काहींनी सारे बोट त्या अपघाताकडे दाखवले. वैद्यकीय निदान मात्र त्याच्या हयातीत कधीच झाले नाही, आणि मेलेल्या माणसाचे निदान वर्तमानपत्रातून करणे हा फारसा भरवशाचा उद्योग नव्हे. मितभाषी नडसन अमेरिकेत टिकला म्हणून नॉर्मननेही टिकायला हवे होते असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याला अनोळखी खोलीत पाऊल टाकतानाच घाम फुटतो, त्याच्यासाठी दौरा म्हणजे दर आठवड्याला नवे गाव, नवे क्लबघर आणि नवे चेहरे.

यापुढचा वाद आकड्यांचा. नॉर्मनच्या नावावर कॅनडातली चोपन्न किंवा पंचावन्न विजेतेपदे सांगतात, मैदानांचे तीसहून अधिक विक्रम, सतरा होल-इन-वन, आणि ५९ फटक्यांची फेरी तीनदा.

चिकित्सक: 'चोपन्न किंवा पंचावन्न' हेच पाहा. विजेतेपदे मोजायला काय अवघड आहे? पण कुठली स्पर्धा धरायची, कुठली गावगन्ना म्हणून सोडायची, हे आधी ठरले पाहिजे, आणि ते ठरवणारा बहुधा भक्त असतो. ५९ ची फेरी कोणत्या लांबीच्या मैदानावर? विक्रम कोणत्या मैदानाचा, आणि ते मैदान पुढे बदलले का? राष्ट्रीय विजेतेपदांबद्दल माझी तक्रार नाही, ती छापील नोंदीत आहेत. बाकीचे मला ऐकीव वाटते.

भाविक: टोरोंटोचे प्रात्यक्षिक तरी ऐकीव म्हणणार का? १९६९ मध्ये, चाळिशीत असताना, सात तासांच्या आत १,५४० ड्राइव्ह. एकही सव्वादोनशे यार्डांहून आखूड नाही, सगळे तीस यार्ड रुंदीच्या पट्ट्यात.

चिकित्सक: आधी हिशोब करू. सात तास म्हणजे चारशे वीस मिनिटे. मिनिटाला साडेतीनहून जास्त फटके, म्हणजे दर सोळा-सतरा सेकंदांना एक. इतर कोणी असता तर मी इथेच हसलो असतो. पण नॉर्मन चेंडूवर रेंगाळत नसे. कोणी चेंडू मांडून देत असेल तर वेग जमण्यासारखा आहे. पट्ट्याचे पाहू. सव्वादोनशे यार्डांवर मध्यरेषेपासून पंधरा यार्ड म्हणजे पावणेचार अंश. अडीचशेवर साडेतीनच्या आत. एकेक फटका घेतला तर चांगल्या व्यावसायिकाला कठीण नाही. चमत्कार आहे तो पंधराशे चाळिसांतला एकही बाहेर न जाण्याचा. आणि नेमके तेच मोजायला त्या पट्ट्याच्या टोकाशी दिवसभर कोण उभे होते?

भाविक: म्हणजे वेग मान्य, पल्ला मान्य, रेषा मान्य, फक्त शंभर टक्के मान्य नाही.

चिकित्सक: आख्यायिका त्या शंभर टक्क्यांचीच असते.

हा खटका दोघांच्याही भूमिकेवर नेमका प्रकाश टाकतो. अंतर दिसते तितके मोठे नाही. असे आणखी एक उदाहरण म्हणजे त्याच्या सरावाचा आकडा. आयुष्यात आपण पन्नास लाखांच्या घरात चेंडू मारले, असे नॉर्मन स्वतः सांगे. ऐकताना हा आकडा फुगवलेला वाटतो. पण रोज सहाशे चेंडू आणि वर्षातले तीनशे दिवस धरले, तर पंचवीस वर्षांत पंचेचाळीस लाख होतात. उन्हाळ्यात ऑन्टारियो, हिवाळ्यात फ्लॉरिडा, बायकापोरे नाहीत, दुसरा छंद नाही. अशा माणसाच्या बाबतीत हे गणित बसते.

किश्श्यांचे मात्र तसे नाही. होगनने त्याला सरावात पाहिले आणि सरळ चेंडू हा निव्वळ अपघात असतो असे बजावले. नॉर्मन एकामागून एक सरळ मारत राहिला, तेव्हा होगन हेच अपघात चालू ठेव असे म्हणून निघून गेला. स्नीडबरोबरच्या एका प्रदर्शनीय फेरीत समोर ओढा होता. स्नीडने अलीकडे चेंडू ठेवला आणि तू पार करू शकणार नाहीस म्हणून बजावले, तर नॉर्मनने ओढ्यावरचा अरुंद पूल हेरून चेंडू त्यावरून घरंगळत पलीकडे नेला. या होलला ड्रायव्हर आणि मग वेज (आखूड पल्ल्याची काठी) लागते असे कोणी म्हणाले, तेव्हा याने आधी वेज मारली, मग जमिनीवरून ड्रायव्हर मारून हिरवळ गाठली. प्रत्येक किस्सा दर वेळी थोड्या वेगळ्या तपशिलांनिशी ऐकू येतो, आणि बहुतेकांचा शेवट एखाद्या चटकदार वाक्याने होतो. चिकित्सकाला हेच खटकते.

भाविक: वाक्ये घडवलेली असतील. पण ज्याला पूल नेमून चेंडू मारता येत नाही, त्याच्याबद्दल असे किस्से कोणी रचत नाही. बंकर चुकवणाऱ्याची अशी गोष्ट होत नाही.

चिकित्सक: होते की. गोष्ट विकायची असेल तर होते.

चिकित्सकाचा रोख १९९० च्या दशकाकडे आहे. भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या जॅक कायकेंडॉलने नॅचरल गोल्फ नावाची कंपनी काढली होती. काठी तळव्यांत धरून एकाच पातळीत फिरवावी असे तो शिकवत असे, आणि त्यासाठी जाड मुठीच्या काठ्या विकत असे. साठी ओलांडलेला, कोणाच्या फारसा लक्षात नसलेला नॉर्मन नेमके तेच आयुष्यभर करत आला होता. कंपनीने त्याला प्रात्यक्षिकांसाठी फिरवायला सुरुवात केली. लोक जमत, चित्रफिती निघत, काठ्या खपत. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, टिम ओकॉनरने लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि कॅनडाच्या गोल्फ कीर्तिमंदिरात त्याचे नाव आले. टायटलिस्ट चेंडू बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख वॉली युलाइन यांनी त्याला तहहयात महिना पाच हजार डॉलर देऊ केले. बदल्यात काही करावे लागणार नव्हते. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसाला मिळालेली ही पहिली नियमित आवक म्हणायला हरकत नाही.

भाविक: हा उशिरा आलेला न्याय होता. तुम्हाला त्यात धंदा तेवढा दिसतो.

चिकित्सक: मला दोन्ही दिसते. ज्यांनी त्याची आख्यायिका पसरवली, त्यांतल्या काहींचा माल तिच्यावर खपत होता. आणि 'दुर्लक्षित' हा शब्दही जरा सांभाळून वापरा. मास्टर्सचे दोनदा निमंत्रण, देशाची अजिंक्यपदे, कीर्तिमंदिर. त्याच्या पिढीतल्या किती कॅनेडियन गोल्फपटूंची नावे तुम्हाला आठवतात? विस्मृतीत गेलेले ते, तो नव्हे.

४ सप्टेंबर २००४ रोजी किचनरमध्ये हृदयविकाराने नॉर्मनचा मृत्यू झाला. त्याची उपलब्ध चित्रणे बहुतांशी उतारवयातली आहेत. त्यांतून त्याची पातळी, हातांची ताठ रेषा आणि आघाताच्या वेळची स्थिती फ्रेम थांबवून तपासता येते. भूमितीबद्दल त्यामुळे वाद उरलेला नाही. चेंडू कुठे पडले, हे कॅमेरा खेळाडूकडे असल्यामुळे बहुधा दिसत नाही.

वाद आता दुसऱ्याच खेळाडूच्या आडून चालतो. भौतिकशास्त्र शिकलेला अमेरिकेचा ब्रायसन डीशँबो एक-पातळी स्विंग वापरतो आणि त्याच्या सगळ्या आयर्नची लांबी सारखी असते. त्याची तुलना नॉर्मनशी नेहमी होते. २०२० आणि २०२४ मध्ये त्याने यूएस ओपन जिंकली, तेव्हा नॉर्मनची भूमिती अखेर मोठी स्पर्धा जिंकली असे भाविकांनी म्हटले. चिकित्सक त्यावर २०२० सालचा विंग्ड फूट मैदानावरचा हिशोब पुढे करतात: चार दिवसांत टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) मारायचे ५६ फटके होते, डीशँबोचे त्यांतले फक्त २३ फेअरवेवर पडले, आणि तो सहा फटक्यांनी जिंकला तो बेफाम लांबीच्या जोरावर.